मातीच्या भिंती आणि त्या राखणारे हात : सेवाग्रामच्या कुटींविषयी एक संवाद

वर्धा शहराच्या पूर्वेस सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आश्रमाच्या ज्या कुटी उभ्या आहेत, त्यांच्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक जण श्रद्धेने पाहतो. परंतु माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांतून घडलेल्या वास्तू म्हणून त्यांचा विचार फारसा होत नाही. कवेलू म्हणजे कुंभाराने चाकावर नळीच्या आकारात ओढून, उभे चिरून आणि भट्टीत भाजून तयार केलेले अर्धगोल देशी कौल. विदर्भातील शेतकऱ्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या त्याखालीच नांदले. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी येथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टळावा म्हणून 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. गावाची मालगुजारी, म्हणजे साऱ्याच्या वसुलीची जबाबदारी व तिच्याबरोबर येणारी जमिनीची मालकी, मोठ्या प्रमाणात जमनालाल बजाज यांच्याकडे होती. घरे उभारण्याचे काम मात्र मीराबेन यांनी अंगावर घेतले. ब्रिटिश नौदलातील अ‍ॅडमिरल एडमंड स्लेड यांच्या या कन्येचे मूळ नाव मॅडेलिन. त्या 22 नोव्हेंबर 1892 रोजी इंग्लंडमध्ये जन्मल्या, त्यांच्या बालपणाचा मोठा काळ डॉर्किंगजवळ आजोबांच्या ग्रामीण निवासस्थानी, झाडे व जनावरांच्या संगतीत गेला, नोव्हेंबर 1925 मध्ये त्या साबरमतीला आल्या आणि गांधीजी शेगावात येण्यापूर्वीच तेथे राहावयास गेल्या होत्या.

स्थानिक साहित्य, स्थानिक कारागीर आणि मोजका खर्च या गांधीजींच्या अटींवर जून 1936 मध्ये ‘आदिनिवास’ ही पहिली वास्तू पुरी झाली, आणि आरंभी गांधीजी, कस्तुरबा, आश्रमवासी व पाहुणे हे सारे तिच्या एकाच छपराखाली राहत असत. आज ‘बापूकुटी’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू मुळात मीराबेन यांनी स्वतःच्या निवासासाठी व कामासाठी बांधली होती. पुढे ती वाढवून गांधीजी तिच्यात राहू लागले. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीचेच उठाव देऊन ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ओंकार साकारले. गांधीजींनी 25 ऑगस्ट 1946 रोजी सेवाग्राम सोडले आणि त्यानंतर ते तेथे परतले नाहीत. कुटी मात्र प्रत्येक पावसाळ्याला तोंड देत उभ्या राहिल्या.

अशी वास्तू राखावी कशी, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यापुरता मर्यादित नाही. ज्या इंग्लंडमधून मीराबेन आल्या, तेथील गवती छपरांची जुनी शेतघरे याच प्रश्नातून गेली आहेत आणि जात आहेत. डेव्हन परगण्यात माती, पाणी व गव्हाचे काड पायांनी तुडवून केलेल्या गाऱ्याचे थरावर थर रचून अर्धा मीटरहून अधिक जाडीच्या भिंती उभारल्या जात; या बांधणीला तेथे ‘कॉब’ म्हणतात. तिच्यावर गव्हाच्या काडाचे किंवा पाणथळीतील बोरूचे जाड छप्पर चढवले जाई. हवामान वेगळे, पिके वेगळी, तरी शेताशेजारच्या मातीतून आणि शेतातल्याच काडातून घर उभे करण्याची बुद्धी एकच आहे. या प्रश्नाची दोन्ही अंगे स्पष्ट व्हावीत म्हणून पुढील विवेचन संवादाच्या रूपाने मांडले आहे. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत: एक बांधकामाचा दीर्घ अनुभव असलेले वर्ध्याचे निवृत्त अभियंता, आणि दुसऱ्या लोकवास्तूंच्या, म्हणजे वास्तुविशारदाविना गावकऱ्यांनी परंपरेने बांधलेल्या घरांच्या, अभ्यासक.

अभियंता : ताई, भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून जमिनीपासून सुरुवात करावी लागेल. वर्ध्याची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर टाकलेला पाया दर वर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि लगेच जूनपासून चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस कोसळतो. एवढ्या टोकाच्या बदलात कच्च्या मातीची भिंत, वाळवीला बळी पडणारा बांबू आणि माकडांच्या उड्यांनी फुटणारे कवेलू यांच्यावर राष्ट्राचा ठेवा सोपवणे जोखमीचे आहे. कवेलूंच्या आत दिसणार नाही असा पोलादी सांगाडा, भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि पायाभोवती काँक्रीटचा पट्टा दिला, तर बाहेरचे रूप तसेच राहील आणि शंभर वर्षांची निश्चिंती होईल. वास्तू टिकवायची असेल, तर तिचे नाशिवंत भाग आधी बदलले पाहिजेत.

अभ्यासक : साहेब, जमिनीविषयी जे सांगितले ते पूर्ण खरे आहे, आणि जुन्या गवंड्यांनाही ते ठाऊक होते, म्हणूनच शेतातली काळी माती भिंतीसाठी वापरली जात नसे. गावठाणातील, म्हणजे वस्तीच्या जागेतील, पांढरी माती कमी फुगते आणि वाळल्यावर घट्ट होते, म्हणून भिंती तिच्या असत. घराखाली मुरूम व दगडाचे जोते, म्हणजे जमिनीपासून उचललेला चौथरा, असे. आणि छपराची वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली कड, भिंतीपासून दूर काढलेली असे, जेणेकरून पागोळ्यांचे पाणी भिंतीला शिवू नये. डेव्हनमध्येही जुने कारागीर हेच सांगतात की मातीच्या घराला चांगली टोपी आणि चांगले जोडे मिळाले, तर ते पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. म्हणजे मातीच्या घराचे रक्षण भिंतीत कमी आणि छप्पर व जोते या दोन टोकांत अधिक असते. ती दोन टोके सांभाळली, तर मधली कच्ची माती पावसाळ्यामागून पावसाळा काढते.

अभियंता : टोके सांभाळूनही तिरपा पाऊस भिंतीला लागतोच, आणि दर वर्षी लेप धुपतो. मग सिमेंटच्या गिलाव्याला विरोध कशासाठी?

अभ्यासक : कारण मातीची भिंत ओलावा घेते आणि सोडते, तर सिमेंटचा थर तो अडवतो. जोत्यातून वर चढलेली किंवा बारीक भेगेतून आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट न मिळाल्याने भिंतीतच साठते, आतली माती मऊ होते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एके दिवशी एकदम ढासळते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात कॉबच्या अनेक घरांना टिकाऊपणासाठी सिमेंटचा गिलावा चढवला गेला, आणि त्यातूनच भिंती कोसळण्याचे प्रकार घडल्यावर तेथील संवर्धक पुन्हा चुना व माती यांच्याकडे वळले. शिवाय उन्हात माती आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे वर्ध्याच्या उन्हाळ्यात असा गिलावा पोकळ होऊन सुटतो आणि जाताना मूळ मातीही सोबत नेतो. शेण-मातीचा लेप मात्र स्वतः झिजतो आणि आतल्या भिंतीला वाचवतो. झिजणे हेच त्याचे काम आहे. त्याच्या झिजण्याला दोष मानून त्याजागी न झिजणारा थर दिला, की झीज आतल्या भिंतीकडे सरकते.

येथवरचा वाद साहित्याच्या गुणधर्मांचा होता, आणि त्यात अनुभव व प्रयोग यांच्या आधारे निर्णय करता येतो. परंतु अभियंत्यांचा पुढचा आक्षेप अधिक खोल आहे, कारण तो वास्तूच्या अस्सलपणाला हात घालतो.

अभियंता : लेप दर वर्षी नवा, कवेलू दर उन्हाळ्यात फेरलेले, बांबू काही वर्षांनी बदललेले, हे मान्य केले, तर ताई, 1936 च्या कुटीतले आज नेमके काय उरले? 1964 च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी तज्ज्ञांनी मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय मसुद्याने, मूळ साहित्याचा आदर करा असे सांगितले आहे. ज्या वास्तूचे मूळ साहित्यच दर वर्षी निघून जाते, तिच्या बाबतीत सिमेंटमुळे अस्सलपणा जातो आणि नव्या मातीमुळे तो राहतो, हे कोणत्या न्यायाने म्हणायचे? दोन्ही थर नवेच आहेत.

अभ्यासक : हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, आणि जगानेही तो टाळला नाही. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पूर्णतः नव्याने बांधले जाते, आणि तरीही ते प्राचीन मानले जाते, कारण लाकूड नवे असले तरी सांधे जोडण्याची रीत, मापे आणि कारागिरांची परंपरा अखंड आहे. 1994 मध्ये जपानमधील नारा येथे झालेल्या परिषदेच्या दस्तऐवजाने अस्सलपणाचा विचार साहित्यापुरता न ठेवता रूप, उपयोग, परंपरा आणि तंत्र यांच्यापर्यंत नेला. त्या न्यायाने पाहिले, तर गावच्या मातीचा नवा लेप हा त्याच तंत्राचा पुढचा थर आहे, आणि सिमेंट हा त्या तंत्राचा शेवट आहे.

अभियंता : मग सरळ असे म्हणा की कुटीतले काहीही बदलले तरी चालते, फक्त बदलणारा हात जुन्या रीतीचा असावा.

अभ्यासक : तसे म्हणता येणार नाही, साहेब, आणि येथे इंग्रजी गवती छपराचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे कारागीर वरचा कुजलेला थर काढतो, पण खालचा कोरडा व भक्कम थर तसाच ठेवून त्यावर नवे काड बसवतो. ज्या काळी घरात धुराडे नव्हते आणि मधल्या दालनात उघडी चूल पेटे, त्या काळचा काजळीने काळवंडलेला थर डेव्हनच्या काही घरांत आजही सर्वांत खाली सापडतो. मध्ययुगात कोणते गहू पिकत होते, शेतात कोणते तण उगवे, हे अभ्यासकांना त्या काडावरून कळले आहे. म्हणजे एकाच छपरात नवे करण्याचे भाग वेगळे आणि हात न लावण्याचे भाग वेगळे असतात. बापूकुटीतही हा भेद केला पाहिजे. जमिनीचे सारवण, बाहेरचा लेप आणि कवेलू हे नित्य नवे होणारे भाग आहेत. मीराबेन यांच्या हातचे उठावाचे ताड, मोर आणि चरखा हे पुन्हा न होणारे भाग आहेत. पहिल्या भागांसाठी सराईत कारागीर हवा, आणि दुसऱ्यांसाठी भित्तिचित्रांच्या जतनाचे शास्त्र जाणणारा तज्ज्ञ. या दोन कामांची गल्लत झाली, तर उठावावर भाबडेपणाने लेप चढेल किंवा साध्या भिंतीला विनाकारण काचेआड ठेवले जाईल.

हा भेद अभियंत्यांना पटला, कारण पुलाच्या कामातही झिजून बदलण्याचे भाग आणि कायमचे भाग आधीपासून वेगळे ठरवले जातात. मात्र आगीविषयीची त्यांची शंका उरली होती.

अभियंता : गवती छपराची इतकी स्तुती ऐकल्यावर त्याचा दुसरा इतिहासही सांगितला पाहिजे. लंडन शहरात आगीमुळे 1212 सालीच नव्या गवती छपरांना मनाई करावी लागली. शेक्सपिअर यांच्या पत्नी अ‍ॅन हॅथवे यांचे शॉटरी गावातील माहेरचे शेतघर, ज्याचा सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकातील आहे आणि जे 1892 पासून न्यासाच्या ताब्यात आहे, त्याचेही 1969 मध्ये आगीने नुकसान झाले. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर एका ठिणगीत अख्खी आळी जळू शकते.

अभ्यासक : आणि म्हणूनच येथील शेतकऱ्याने जमेल तेव्हा गवत उतरवून कवेलू चढवले. दोन्ही छपरांची रचना शेजारी ठेवून पाहिली, तर प्रत्येक देशाने आपापल्या संकटाला दिलेले उत्तर दिसते. गवती छप्पर काडाच्या टोकांवरून पाणी थेंबाथेंबाने खाली उतरवते, म्हणून त्याचा उतार खडा, पंचेचाळीस ते पन्नास अंशांचा ठेवावा लागतो. उतार कमी झाला की पाणी रेंगाळून काड कुजते. कवेलू नुसते एकमेकांवर टेकलेले असतात, खिळ्यांनी जखडलेले नसतात, म्हणून त्यांचा उतार खडा केला तर ते घसरतात. त्यामुळे विदर्भातील घराची पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, सौम्य असतात. इंग्लंडमध्ये जाड गवत घरातली ऊब धरून ठेवते. येथे कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, जाड भिंत दुपारचे ऊन आत पोहोचायला कित्येक तास लावते, आणि ओसरीची सावली भिंतीला ऊन लागूच देत नाही. मीराबेन यांचे मोठेपण यात आहे की त्यांनी आपल्या जन्मभूमीचे घर येथे आणून ठेवले नाही. त्यांनी शेगावच्या घराकडून शिकून घेतले आणि त्यात प्रकाश, वारा व स्वच्छता यांची शिस्त आणली.

संवादाचा यापुढील भाग वास्तूकडून माणसांकडे वळतो, आणि दोन्ही पक्षांचे खरे अंतर तेथेच आहे.

अभियंता : आता मुख्य गोष्ट. आश्रमाच्या आवारात पाच-सात कुटी मातीच्या राहतील. पण शेजारच्या गावात जाऊन विचारा, मातीचे घर कोणाला हवे आहे? दर पावसाळ्याआधी शाकारणी, म्हणजे कवेलू उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा रचणे, याला मजूर मिळत नाही. सारवणाचे काम बाईच्या माथी पडते. शेतातली निंदणी-वेचणी करून आल्यावर तिनेच शेण कालवायचे आणि तिनेच गुडघ्यांवर बसून जमीन सारवायची. साप-विंचवांचे भय वेगळेच. खुद्द आश्रमात साप धरण्याचा चिमटा आणि तो दूर नेऊन सोडण्याचा पिंजरा जपून ठेवला आहे. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण कुटुंबाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि किमान 25 चौरस मीटरचे पक्के घर होते. ज्या घरातून सुटण्यासाठी शासन पैसे देते आणि माणसे वर्षानुवर्षे यादीत नाव येण्याची वाट पाहतात, त्याच घराचे गुणगान करणे गरिबावर अन्याय करणारे आहे.

अभ्यासक : गळक्या घरात कोणी वारसा म्हणून राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि बाईच्या श्रमांचा हिशेब न मांडता मातीच्या घराची थोरवी सांगणारे लेखन अपुरे आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण योजनेतील पक्क्या घराची कसोटी पाहावी: स्थानिक हवामानाला तोंड देणारी भिंत व छप्पर, आणि वाजवी देखभालीसह किमान तीस वर्षांचे आयुष्य. बापूकुटी 1930 च्या दशकापासून, म्हणजे त्या मुदतीच्या दुपटीहून कितीतरी अधिक काळ, देखभालीसह उभी आहे. मातीचे घर पडते ते माती दुबळी असते म्हणून नव्हे. देखभाल करणारी साखळी तुटते म्हणून ते पडते. कवेलू घडवणाऱ्या कुंभाराला गिऱ्हाईक उरत नाही, तट्टे विणणाऱ्या बुरडाला बांबू परवडत नाही, मातीच्या भिंतीचा थर केव्हा चढवावा हे जाणणारा गवंडी सिमेंटच्या कामाला जातो, आणि मग उरलेल्या घराची सगळी डागडुजी एकट्या बाईवर येऊन पडते. जे काम पूर्वी चार कारागिरांत आणि घरच्या माणसांत वाटलेले होते, ते एका व्यक्तीवर लादले गेल्याने असह्य झाले आहे.

अभियंता : साखळी तुटली ती काळाच्या ओघात. ती पुन्हा जोडण्याइतके बळ कोणाकडे आहे?

अभ्यासक : तुटण्याची कारणे ठोस आहेत, म्हणून उपायही ठोस असू शकतात. इंग्लंडमध्ये यंत्राने कापणी-मळणी सुरू झाल्यावर काड चिरडू लागले, आणि अधिक दाण्यांसाठी निवडलेल्या बुटक्या जातींनी छपराला लागणारे लांब काड संपवले. तेव्हा काही शेतकऱ्यांनी केवळ छपरांसाठी ‘मारिस विजन’सारखी उंच जातीची गव्हाची पिके राखली आणि जुन्या पद्धतीने कापणी चालू ठेवली. वारसा म्हणून नोंदलेल्या घरावर गवतच चढवा असे सांगणाऱ्या नियमांनी त्या शेतकऱ्यांना बाजार दिला. आपल्याकडे 1927 च्या वन कायद्यानुसार बांबू हे झाड मानले गेल्याने शेतातल्या बांबूची तोड व वाहतूक अडचणीची होती. 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला, आणि बुरडाचा एक अडसर दूर झाला. ज्ञानाचीही उणीव नाही. देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये वर्ध्यात सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडणाऱ्या शंक्वाकृती नळ्या, म्हणजे एका टोकाला निमुळत्या नळ्या, एकमेकींत बसवून कमानीचे छप्पर उभारण्याचे तंत्र विकसित केले; त्यात लाकडी वासे लागत नाहीत आणि छपराची सगळी किंमत गावातल्या कुंभाराच्या हातात राहते. वर्ध्याची मातीच्या घराची परंपरा आश्रमापाशी थांबलेली नाही, ती पुढे विचार करीत आली आहे.

अभियंता : हे तंत्र टिकाऊपणाच्या चाचण्यांनी सिद्ध करून बांधकामाच्या दरसूचीत, म्हणजे शासकीय कामांचे दर ठरवणाऱ्या पुस्तकात, आणले नाही, तर कोणताही कनिष्ठ अभियंता त्याच्या मूल्यांकनावर सही करणार नाही. चांगले तंत्र कागदावर नसेल, तर घरकुलाच्या हप्त्यासाठी ते अस्तित्वातच नसते.

अभ्यासक : हे वाक्य तर या सगळ्या चर्चेचे सार मानावे लागेल, साहेब. गांधीजींनी जानेवारी 1937 मध्ये ‘हरिजन’मध्ये आदर्श गावाची कल्पना मांडताना पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याची, पुरेशा उजेडाची आणि वाऱ्याची घरे सांगितली. बर्मिंगहॅममध्ये 1917 साली जन्मलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांची 1940 च्या दशकात मुंबईत गांधीजींशी भेट झाली, आणि हाच पाच मैलांचा विचार त्यांनी पुढे केरळमधील शेकडो घरांत उतरवला. बेकर यशस्वी झाले, कारण त्यांनी गवंड्याला शिकवले, हिशेब मांडले आणि खर्च खरोखर कमी करून दाखवला. विचार जेव्हा दरपत्रकात उतरतो, तेव्हाच तो घरात उतरतो.

अभियंता : एक शेवटची अट घालावीशी वाटते. जुन्या रीतीच्या नावाखाली सुरक्षितता सोडू नये. विजेच्या तारा उघड्या बांबूवरून नेऊ नयेत, आग विझवण्याची सोय जवळ असावी, जोत्याभोवती पाणी साचू नये म्हणून नाली असावी, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर भेगांची, वाळवीची व ओलीची लेखी नोंद व्हावी.

अभ्यासक : ती अट परंपरेच्या विरोधात नाही. ज्या कुटीत सारवलेली जमीन होती, तिच्याच आवारात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तातडीच्या संपर्कासाठी दूरध्वनी बसवून घेतला होता. मातीच्या घराने यंत्राला नकार दिला नाही, फक्त त्याला घराचा मालक होऊ दिले नाही. जानेवारी 1978 मध्ये सेवाग्रामला आलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी याच कुटीत बसून वस्तूंनी भरलेले आधुनिक घर आणि माणसाला वावरण्यास मोकळे ठेवणारी कुटी यांतील फरकावर आपले भाषण उभे केले होते. तारा, नाली आणि नोंदवही यांनी ती मोकळीक कमी होत नाही.

दोन्ही बाजू नीट पाहिल्यावर असे दिसते की अभियंत्यांचा आग्रह वास्तूच्या आयुष्याबद्दल आहे आणि अभ्यासकांचा आग्रह ते आयुष्य वाढवणाऱ्या कौशल्याबद्दल. यांतील कोणताही एक सोडून दिला, तर दुसरा निष्फळ होतो. सिमेंट व पोलाद यांनी कुटींचे बाह्यरूप गोठवले, तर पुढच्या पिढीला एक प्रतिकृती मिळेल आणि मातीच्या भिंतीला अपायही होईल. उलट, नुसत्या परंपरेच्या नावाने विना-नोंद, विना-चाचणी डागडुजी चालू राहिली, तर मीराबेन यांच्या हातचे उठाव एखाद्या हंगामात नकळत नाहीसे होतील. नाशिवंत साहित्याची वास्तू तिला पुन्हा पुन्हा घडवणाऱ्या माणसांच्या आधारानेच टिकते, म्हणून तिच्या संवर्धनाचा पहिला खर्च त्या माणसांवर झाला पाहिजे, हा या संवादाचा निष्कर्ष आहे.

त्यासाठी चार गोष्टी वर्धा जिल्ह्यात आजच्या साधनांतही करता येण्यासारख्या आहेत. आश्रमातील वार्षिक शाकारणी व लेपण हे अनुभवी कारागिरांच्या हाताखाली तरुण गवंड्यांना, कुंभारांना आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे वर्ग व्हावेत, आणि शिकवणाऱ्या कारागिराला शिक्षकाचा मोबदला मिळावा. पुन्हा न होणाऱ्या भागांची छायाचित्रे व मोजमापे घेऊन तज्ज्ञांकडून त्यांचे स्वतंत्र जतन व्हावे. सुधारित मातीच्या भिंती, शंक्वाकृती नळ्यांची छपरे आणि बांबूचे वासे यांच्या चाचण्या करून त्यांचे दर शासकीय दरसूचीत यावेत, म्हणजे ज्या घरकुल लाभार्थ्याला तसे घर हवे असेल त्याला ते हक्काने बांधता येईल. आणि ज्याला विटा-सिमेंटचे हवे असेल, त्याला तेही तितक्याच सन्मानाने मिळावे. चौथी गोष्ट सर्वांत साधी आहे: देखभालीची मजुरी घरच्या बाईच्या फुकट श्रमांतून न काढता तिचा पैशात हिशेब धरावा, कारण मातीच्या घराची खरी किंमत त्याशिवाय कळत नाही.

सेवाग्रामला जाणाऱ्या वाचकाने बापूकुटीला वंदन जरूर करावे, आणि त्यानंतर जिल्ह्यातील एखाद्या कुंभाराकडून शंभर कवेलू किंवा बुरडाकडून एक तट्टा विकतही घ्यावा. या कुटी पुढच्या शंभर पावसाळ्यांत उभ्या राहणार असतील, तर त्या अशा मागणीवरच उभ्या राहतील.